कमळाले आणू का नको

मोहटोला, ता. ब्रह्मपुरी
२ जुलै १९५७

चि. भैयाजीस बाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आपल्या कमळाले नववा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे तुले सांगायले नको. पण तिच्या सासरी बल्लारपूरले घरोघरी तो नवा ताप आहे म्हणतात. लेकीले आणू, का तिथीच राहू देऊ? तू चांद्याच्या कचेरीत साहेबाजवळ बसतोस, मामा आहेस तिचा. सरकार काय म्हणते ते विचारून कळव. बांधीत धानाचा रोवणा सुरू आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाई.

माया आहेच, उत्तरही येऊ दे.
तुझी वच्छलाबाई

चांदा
६ जुलै

ती. बाईस भैयाजीचा दंडवत. वि. वि.

साहेबाले विचारलं. परवा ते म्हणाले, शाळा न् बाजार बंद. काल म्हणाले, शाळा उघडा. आज वरून तार आली, घाबरू नये, गर्दी टाळावी. गर्दी म्हणजे किती माणसं, ते तारेत नाई. साहेब वाईट नाईत बाई, त्याईले खरंच समजून नाई राह्यलं. उलट मलेच विचारलं, तुमच्या गावचे लोक काय करून राह्यले? तूर्त कमळाले आणू नको.

रागावू नको, लहान आहो.
भैयाजी

चांदा
८ जुलै

ती. बाईस दंडवत.

आधीचं पत्र विसर. गाड्या थांबवतील अशी बोलणी आहेत. थांबवतीलच असंही नाई. पण कमळाले आत्ताच आण.

घाईत,
भैयाजी

मोहटोला
२९ जुलै

चि. भैयाजीस आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हाती आली. पंचाईले दाखवली. ते म्हणाले, सरकारचंच धड नाई, आपण गाव बांधू. शेजारच्या डोमानं शिवेवर नारळ फोडला, बाहेरच्याले बंदी झाली. पण बाळंतपणाले येणाऱ्या लेकीले शिवेवर अडवायचं कसं? तिच्यापुरती वाट मोकळी ठेवली. डोमाच बैलबंडी घेऊन टेशनावर गेला. कमळा हसत उतरली, जरासा खोकला होता. मग आठवड्याभरात अर्धं गाव खाटेवर पडलं.

कमळाले पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत. डोमा गेला.

साहेबाले बोल लावू नको. मीबी काही विचार करून आणलं नाई, तिच्याबिना राहवलं नाई म्हणून आणलं. ताप तिच्यासंगं आला का आधीच गावात होता, कोणाले सांगता येत नाई. ती तिथी राहिली असती तर काय झालं असतं, तेही मले समजत नाई.

कमळा रोज विचारते, डोमाकाका पोरीले पाहाले काऊन नाई आला. शेतावर आहे म्हणून सांगते. जमलं तर येऊन जा. तिले तूच सांग, माझ्यानं होत नाई.

आहे तशीच माया ठेव.
बाई