ढेपेचा काटा आणि ओवीची पोळी

प्रिय आबा,

आधी एक चूक दुरुस्त करते. तुमच्या शोकसभेत उभी राहून मी म्हटलं होतं, "दिवाळीच्या पाडव्याला आबा आम्हा नातवंडांना दुकानातल्या काट्यावर उभं करायचे आणि ज्याच्या त्याच्या वजनाइतकी सरकीची ढेप गोशाळेतल्या गायींना द्यायचे. आम्ही वर्षभर त्या दिवसाची वाट बघायचो." सगळ्यांचे डोळे पाणावले. काकूंनी तर ते घरच्या ग्रुपवरही टाकलं.

त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं. बाकीचे बघत असतील वाट, मी नव्हते बघत. दसरा संपला की पाडव्याला किती दिवस उरले, ते मी बोटांवर मोजायला लागायचे.

गेलेल्या माणसाशी भांडू नये हे मला कळतं, आबा. म्हणून इतके महिने गप्प बसले. पण परवा नानाकाकांनी माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं.

"यंदा आपल्याकडे दिवाळी नाही," ते म्हणाले, "पण आबांचं दान मोडायचं नाही. पाडव्याला काटा लागणार."

"दान करूच ना, काका. पण पोरांना कशाला चढवायचं? नुसती पोती देऊ."

"अगं, तूच म्हणालीस ना, वर्षभर वाट बघायचो? अर्ध्या धुळ्यानं ऐकलंय ते! आणि दान आहे, कोण तुम्हाला बाजारात विकतंय?"

माझीच गोफण, माझ्याच कपाळात.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर सांगते. लाल्या जाड झालाय.

हो, तुमचाच लाल्या, दुकानाच्या पायरीवर वाढलेला. तुम्ही गेल्यापासून तो काट्याच्या लोखंडी पाट्यावरच झोपतो. कुत्रं दुःखानं खाणं सोडेल, असं सगळे म्हणत होते. उलट त्याचं पोट सुटलं. मला मेलीला काळजी, मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते हसायला लागले. "ताई, याला दुःखबिख काही नाही. याला कुणीतरी चोरून खाऊ घालतंय."

मग मी पाळतच ठेवली. दादाची ओवी निघाली, आबा! तिसरीतली पोर. जेवताना पोळी हळूच फ्रॉकच्या खिशात घालते आणि मागच्या दारी लाल्याला देते.

"ओवी, काय चाललंय?"

"आत्या, सांगू नको ना कोणाला. पाडव्यापर्यंतच."

"पाडव्यापर्यंत म्हणजे?"

"मागच्या वर्षी सोहम म्हणाला, माझ्या ढेपेला दुसरा टेम्पो लागेल."

सोहम म्हणजे नानाकाकांचा नातू. त्याला काय बोलायचं? तो तर तेच बोलतोय, जे त्याचा बाप मला बोलायचा. "चिऊच्या पोत्यावर गोठा आठवडाभर जगेल." आणि मीही तेच करायचे, जे ओवी करते आहे. फक्त तेव्हा लाल्या नव्हता, माझ्या पोळ्या गच्चीवरच्या कावळ्यांना जायच्या.

आणि तुम्ही! भावंडांचं एक वेळ सोडा. तुम्ही काट्याशेजारी उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचात, "दखा, दखा! बठ्ठास्मा जड मन्ही लक्षुमी!" सगळ्यांत जड, हा तुम्हाला माझा मान वाटायचा. वजन जास्त, दान जास्त, पुण्य जास्त. किती सरळ हिशेब! पण ती लक्ष्मी खाली बघून पायाच्या अंगठ्यानं पाटा खरवडत असायची, ते कधी दिसलं नाही तुम्हाला?

सातवीत असताना मी पाडव्याआधी आठवडाभर जवळजवळ उपाशी राहिले. काट्यावर चढले तर खरंच वजन उतरलं होतं. मला वाटलं, सुटले! तेवढ्यात काटा हलला आणि वजन पुन्हा वर गेलं. मी खाली बघितलं. माझ्या मागे पाट्याच्या कडेवर तुमची वहाण टेकलेली. वाकून माझ्या कानात म्हणालात, "तुन्हं पोतं धाकलं दिसाले नको, पोरी."

माझं पोतं लहान दिसू नये म्हणून! आबा!

शाळेच्या आधी मला अंक शिकवले ते तुम्ही. वजनांवर माझं बोट ठेवून. "मापात पाप नको" हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. हिशेबात एक पावशेर जास्त लिहिलं तरी झोप लागत नाही मला आजही, ती तुमचीच शिकवण. आणि उभ्या जन्मात तुम्ही एकदाच माप खोटं केलंत, ते नेमकं माझं? यावर चिडावं की रडावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरं लिहायला बसलेच आहे, तर हेही लिहायला हवं. टेम्पो मला आवडायचा. आपापल्या पोत्यावर बसून नरडाण्याच्या रस्त्यानं जायचं, केसांत ढेपेचा भुसा, आणि तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसून मागे ओरडताय, "धरी बसा रे!" गोशाळेतली ती शिंगमोडकी गाय माझाच हात चाटायची. खरखरीत जीभ, पण तिला मी जड वाटत नव्हते. येताना ढाब्यावर शेवभाजी. मी उपासाचं सगळं उट्टं काढायचे, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि तुम्ही भाकरीवर भाकरी माझ्या ताटात सरकवताय, "खाय पोरी, खाय." काटा नसता ना आबा, तर वर्षातला सगळ्यात चांगला दिवस होता तो.

मग सांगितलं का नाही? सांगितलं होतं! नववीत. "आबा, मी यंदा नाही चढणार." तुम्ही हसून म्हणालात, "मंग गायीस्ले काय सांगू?" सगळे हसले. मीही हसले. आणि चढले. माझ्या त्या हसण्यालाच तुम्ही होकार समजलात. इतकं बारीक माप बघणारा माणूस, नातीच्या तोंडाकडे एकदा नीट बघू नये?

ओवी तर हसतही नाही. गपचूप पोळी खिशात घालते.

म्हणून ठरवलंय. नानाकाकांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना मी अजून घाबरते, तुम्हाला माहीत आहे. पण पोती मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच भरून घेणार आहे. प्रत्येक मुलाच्या नावानं एक, सगळी सारखी. पाडव्याला सगळ्यांसमोर शोकसभेतलं ते वाक्य मागे घेणार आहे. काका म्हणतीलच, "मग काटा लावला कशाला?" तर काट्यावर मी चढेन. एकटी. शेजाऱ्यांकडून आलेला फराळ पोटभर खाऊन, आणि वहाणा न काढता. आकडा खुशाल ओरडावा त्यांनी, गल्लीच्या टोकापर्यंत.

त्याआधी ओवी माझ्याशेजारी बसून जेवेल. पूर्ण पोळी. लाल्याला चतकोर, तोही मी देईन.

एवढं सगळं येत्या बुधवारी, पाडव्याच्या सकाळी, टेम्पो दारात यायच्या आत.

तुमची बठ्ठास्मा जड,
चिऊ