हाकेला येणारा बैल

अण्णा, उद्या सकाळी मला ऑफिसात सांगायचंय, तुमचा आवाज त्यांना द्यायचा की नाही. आणि आज दुपारपासून मी शिनोलीच्या घरात नुसती आत-बाहेर करतेय. आईनं दोनदा विचारलं, "काय हुडकतीस गं?" काही नाही म्हणाले. मघाशी दोन ओळी लिहिल्या आणि उठले, वाळलेले कपडे काढले, घड्या न घालता तसेच खाटेवर टाकले, पुन्हा येऊन बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बस की एका जागी, बुडाला काटं आल्यात का?" बसतेय. पण तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी लागायची होती आणि ती कसली लागली हे तुम्हाला माहीतच नाही.

मी पुण्यात व्हिडिओ गेम बनवते. तुम्ही म्हणाल, खेळायचा पगार देत्यात व्हय? देतात, आणि वेळेवर देतात. आता जो गेम चाललाय त्यात निरनिराळ्या गेममधले लढवय्ये, ज्यांची एरवी कधी गाठ पडायची नाही, एकाच मैदानात येऊन एकमेकांना हाणतात. हाणामारी चालू असताना मधेच मैदानात एक घंटा पडते. ती उचलून फेकली की कुठला तरी प्राणी मदतीला येतो, फेकणाऱ्याच्या बाजूनं हल्ला करतो आणि निघून जातो. कुठला येईल ते आधी कळत नाही, त्यातच गंमत. हे मदतीचे प्राणी सगळे माझ्याकडे. कोणी किती वेळ थांबायचं, कोणाची धडक केवढी, समोरचा किती लांब उडायचा, हे मी ठरवते. या कामाला मला कोणी लावलं असेल तर तुम्हीच, हे मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं.

आठवतं का, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दिवाळीला मी लॅपटॉप घेऊन आले होते? त्यात याच जातीचा एक जुना गेम होता. त्यात घंटेऐवजी डबी पडायची. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, आणि मी तुमच्या हातात गेमचा रिमोट देते. पहिल्या दिवशी तुम्ही तो टीव्हीच्या रिमोटसारखा समोर धरून दाबत होता. मग जमलं, पण तुम्ही कधी कोणाला एक बुक्की मारली असेल तर शपथ. तुमचा गडी सगळ्या मैदानात मार चुकवत पळायचा तो फक्त डबीसाठी. डबी मिळाली की तुम्ही पुढं सरकून बसायचात. कधी पाठीवर काटे असलेलं डुक्कर यायचं आणि गडगडत जाऊन मला उडवायचं, कधी काचेच्या पंखांचं वटवाघूळ डोळे दिपवायचं. आणि एक होतं कासव, अगदी बिनकामाचं. यायचं, मान वर करून इकडंतिकडं बघायचं आणि जायचं. बनवणाऱ्यांनी ते चेष्टेपुरतं ठेवलं होतं. सगळी पोरं त्याला शिव्या घालायची आणि तुम्हाला नेमकं तेच आवडायचं.

"अहो, त्यानं काहीच केलं नाही," मी म्हणायचे.

"आला ना बोलावल्यावर? ऱ्हाऊ दे मग."

आणि एकदा मी लागोपाठ डब्या उचलून एकाच डुकराला परत परत बोलावलं, तर तुम्ही रिमोट खाली ठेवलात. "आत्ता तर येऊन गेलं ते. दम तर खाऊ दे त्याला, लाज हाय का न्हाई?" मी हसले तर खरंच रागावलात. सोमवारी तर तुम्ही डबीला हातच लावायचा नाहीत. सोमवारी आपण बैलाला जुंपत नाही, मग या जनावरांना का कामाला लावायचं? त्या दिवशी तुम्ही रिकाम्या हातानं लढायचात आणि सपाटून हरायचात. आई चुलीपुढून म्हणायची, "आवं, त्ये चित्राचं डुक्कर हाय." तुम्ही म्हणायचात, "चित्राचं का आसंना." मी हे ऑफिसात सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. मीही हसते, पण सांगून झाल्यावर जरा वेळ मला त्यांच्यात बसवत नाही.

आपला बैल म्हणजे तसा मदतीचाच प्राणी होता. चढावर पळणाऱ्या शर्यतीच्या गाड्याला चार बैल लागतात आणि आपल्याकडं एकच. त्यामुळं तो कायम दुसऱ्याच्या गाड्याला जायचा. यात्रेच्या आदल्या दिवशी कोणी ना कोणी दारात यायचं, "भाऊ, उद्याच्याला बैल पायजे व्हता," आणि तुम्ही आधी चहा ठेवायला सांगायचात. मग एकच अट घालायचात. काठी नाही, चाबूक नाही, शेपटी पिरगाळायची नाही. "त्यो माराला न्हाई पळत, हाकंला पळतो. आमी वर हुबं ऱ्हातो, हाक मारतो. आला तर आला." काही पावणे चहा पिऊन तसेच माघारी गेले. पण जे कबूल झाले त्यांच्या गाड्याला तुम्ही चढाच्या माथ्यावर उभे राहायचात, आणि खाली झेंडा पडला की तुमची ती लांबलचक हाक निघायची. तिला शब्द असा नव्हताच. पोटातून निघायची आणि टोकाला जरा वर चढायची. बैल तिच्यावर डोळे मिटून यायचा. नेहमी पहिला आला असं नाही. एकदा तर गाडा निम्म्यात थांबला आणि लोक तुम्हाला नको ते बोलले, तरी तुम्ही खाली उतरून त्याच्या तोंडावरचा फेसच पुसत होतात. मला त्या दिवशी तुमचा लई राग आला होता. वाटलं होतं, एक फटका मारू दिला असता तर काय बिघडलं असतं.

ती हाक माझ्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये राहिली होती. वाऱ्याचा आवाज, भोंग्यावरचा गलका आणि त्याच्यावर तुम्ही. फोन बदलले तरी ती मी दर वेळी नव्या फोनात घेतली. आई अजून अधूनमधून म्हणते, "लाव की त्यांची हाक," आणि ऐकून झालं की कामाला लागते. गेमसाठी मी बैल केला तेव्हा तात्पुरती म्हणून तीच हाक लावली. घंटा फेकली की तुमचा आवाज येतो, मैदानाच्या खालच्या टोकाकडून बैल धावत वर येतो, वाटेत येईल त्याला उडवतो आणि बोलावणाऱ्यापाशी येऊन थांबतो. तुमची हाक जेवढी लांब तेवढंच त्याचं धावणं, मी तसंच बेतलं. खेळून बघणाऱ्या पोरांना बाकीचे प्राणी सोडून हाच आवडला. कुठली कुठली पोरं, मराठीचा गंध नाही, पण हाक आली की खुर्चीतून उठतात. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. यात्रेत तुम्हाला बोल लावणारे सगळे एकदम गप्प झाल्यासारखं वाटलं.

मग आमचे साहेब म्हणाले, आवाज अफलातून आहे, कोणाचा? मी सांगितलं. साहेब भला माणूस आहे. म्हणाले, "मग तूच परवानगी देऊ शकतेस. पण एका हाकेवर भागायचं नाही. बैलाला तीन हल्ले द्यायचेत, प्रत्येकाला वेगळा हुकूम हवा." मी म्हटलं, माणूस तर राहिला नाही. ते म्हणाले, त्याची आता गरज लागत नाही. तुमच्या हाकेवरून आणि त्याच फोनात राहिलेल्या तुमच्या चार बोलण्यांवरून यंत्र तुमचा आवाज शिकतं. मग एका चौकोनात आपण शब्द लिहायचे, बटण दाबायचं, की तुम्ही ते बोलता. नमुना करून ठेवला होता त्यांनी. मी कानाला हेडफोन लावला आणि तुम्ही म्हणालात, "मार त्याला! तुडव!"

तुमचाच आवाज, अण्णा. घशातली ती खरखरसुद्धा. बैलाला तुम्ही जन्मात कधी म्हणाला नाहीत ते तुम्ही माझ्या कानात खणखणीत म्हणालात. मी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला आणि चांगलं झालंय असं म्हणाले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. हा नमुना मी फोनात घेऊन आलेय, पण आईला ऐकवायची हिंमत होत नाही. ती रागावेल म्हणून नव्हे. तिला तो आवडला तर काय करू, अशी भीती वाटते.

एकटी हाक घ्या, बाकीचं नको, असंही मी विचारून पाहिलं. नाही म्हणाले, द्यायचा तर आवाज सगळा द्यायचा, पुढं काय काय लागेल ते आत्ता कसं सांगणार? त्यांचंही बरोबर आहे. आणि नाही म्हटलं तर हाकही काढावी लागेल. मग तुम्ही परत माझ्या फोनात आणि आईच्या कानात, बास. नाहीतर कुठल्या कुठल्या देशांतल्या घरांत तुमचा आवाज गेला असता. खाटेवरचे कपडे मी आता घड्या घालून ठेवले. तरी उठायला काहीतरी निमित्त हवं असतं.

मी नाही सांगणार आहे. लिहिता लिहिता ठरलं असं म्हणायला बरं दिसेल, पण खरं तर ते शुक्रवारीच ठरलं होतं. आज फक्त धीर गोळा करत होते. बैलाला दुसऱ्या कोणाची तरी हाक लावतील आणि त्याचं धावणं मला नव्यानं मोजावं लागेल. साहेब नाराज होतील. होऊ देत. हे पत्र मी कुठं पाठवणार? घरात ठेवावं तर आई कोणाकडून तरी वाचून घेईल, आणि शुक्रवारचं तिला कळायला नको आहे. तेव्हा संध्याकाळी पाणी तापवताना चुलीत घालीन.

शुक्रवारी सगळे जेवायला खाली गेले होते. तो चौकोन पडद्यावर उघडाच होता. मी त्यात माझं घरातलं नाव लिहिलं, तुम्ही एकटेच ज्या नावानं बोलवायचात ते, आणि बटण दाबलं. तुम्ही हाक मारलीत, गोठ्यातून मारायचात अगदी तशी. मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं ओ दिली, आणि काय काम सांगताय म्हणून थांबले. बराच वेळ थांबले. मग ध्यानात आलं, पुढचं मलाच लिहावं लागणार होतं.