पत्ती पडली की माग थांबतो

बाबा, आज सकाळी आईला वडनेरहून घेऊन आलो. उद्या तुमची तिथी आहे. ती आता ताईकडेच राहते, पण तुमच्या तिथीला नाचणगावलाच यायचं हे तिचं ठरलेलं असतं. वड्यांसाठी उडदाची डाळ तिने तिकडूनच बांधून आणली, इथली चांगली नसते म्हणे. जेवून आतल्या खोलीत झोपली आहे. घरात आणखी कुणी नाही. तुमची सून नातीजवळ बंगलोरकडे राहायला गेली आहे, पुढच्या महिन्यात येईल. मी पुढच्या खोलीत बसलोय, तुमच्याच टेबलाशी. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही, आपण एकाच घरात राहत होतो. आताही कसं लिहायचं ते नीट कळत नाही. माझं लिहिणं गाडीच्या वहीत भाडं कुठून कुठे एवढंच असतं.

आईला आणायला जुनी गाडी नेली होती. दारात त्याच कंपनीची नवीन गाडी उभी आहे, बुकिंगला तीच जाते. पण आई तिच्यात बसत नाही. "त्या गाडीत मले पाव्हण्यावानी वाटते," म्हणते. जुनी अजून चालते, बाबा. रंग उडाला आहे, मागच्या सीटचं रेक्झिन दोनदा बदललं, पण थंडीतसुद्धा पहिल्या किल्लीला सुरू होते. चौकोनी, उंच, जुन्या लोखंडी कपाटाला चाकं लावल्यासारखी. लोक हसत तिच्या आकाराला. पण लग्नाच्या वरातीला, गिरडच्या नवसाला, दवाखान्याला हीच गाडी मागत, कारण ही रस्त्यात बंद पडत नाही अशी तिची ख्याती होती. किल्लीच्या कडीत ती पत्ती अजून आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय आहे. मी सांगतो, मागाची पत्ती. बहुतेकांना तेवढं पुरतं.

तुम्ही लूम खात्यात मिस्त्री होता तेव्हा मिलमध्ये जपानहून थोडे माग आले होते. ते बसवायला तिकडचा एक वयस्कर माणूस काही आठवडे आपल्या गावी राहिला. मी तेव्हा कॉलेजात होतो, त्याला एकदाच पाहिलं. पण तुम्ही त्याच्याबद्दल इतक्यांदा सांगितलं की मीच त्याच्याबरोबर काम केल्यासारखं वाटतं. त्याला मराठी नाही, हिंदी नाही, तुम्हाला जपानी नाही. दोघंही पाना हातात घेऊन खुणांनी बोलायचे. तुम्ही म्हणायचे, साहेब लोकांच्या इंग्रजीपेक्षा ते बोलणं सोपं होतं.

त्या मागात उभ्या ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर लोखंडाची एक पातळ पत्ती लटकत असे. धागा ताठ आहे तोवर पत्ती वर. धागा तुटला की पत्ती खाली पडे आणि माग आपोआप थांबे. शेकडो धाग्यांतला एक तुटला तरी. तोवर तुम्ही आयुष्य घालवलं होतं धागा कुठे तुटला ते डोळ्यांनी शोधण्यात, आणि तो सापडेपर्यंत हातभर कापड खराब झालेलं असे. त्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत खडूने फरशीवर चित्रं काढून दाखवली. आधी एक बाई मागावर बसलेली. शेजारी तिचा मुलगा. मग मोठा झालेला मुलगा आणि त्याने बनवलेला माग. मग त्या मुलाचा मुलगा, आणि त्याच्यासमोर मोटार. तुम्हाला गोष्ट कळली, राहिलेलं साहेब लोकांनी सांगितलं. आईचे कष्ट पाहून एका सुताराच्या पोराने माग सुधारला, सुधारत सुधारत असा केला की तो स्वतःच थांबतो. मग त्या मागाचे हक्क परदेशात विकले आणि ती कमाई मुलाला गाडी बनवायला दिली. पुढे मी पुस्तकात वाचलं, गोष्ट बरीचशी तशीच आहे. जाताना त्या जपानी माणसाने तुम्हाला एक जादा पत्ती दिली. ती तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवायचे. आई धुवायच्या आधी खिसा तपासायची.

त्या दिवशी तुम्ही घरी येऊन स्वयंपाकघरात स्टूल उलटं ठेवलं, ते मला अजून दिसतं. चार पायांना तुम्ही शिवणाचा दोरा बांधताय, सात-आठ पदर, आणि प्रत्येकावर आईच्या केसांचा एकेक आकडा अडकवताय. आई भाकरी थापतेय. खाली पितळी ताट. तुम्ही कात्रीने एक दोरा तोडता, आकडा ताटात पडतो, टण्णकन वाजतो. तुम्ही आमच्याकडे पाहता.

"पाह्यलं? आता माग थांबला. अन् थांबवणाऱ्यावर कोणी ओरडत नाई. तेच तर त्याचं काम."

आई म्हणाली, "तुमचा माग थांबला, पण माही भाकर जळून राह्यली ना. माहे आकडे द्या अगुदर."

मिल बंद झाली तेव्हा तुमचे जे पैसे हाती आले त्यातून काय करायचं यावर नातेवाइकांनी बरीच मतं दिली. दुकान टाका, शेत घ्या. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. तुम्ही मला घेऊन नागपूरला गेलात आणि ही गाडी, त्या मागवाल्याच्या मुलाच्या कंपनीची, एका वापरलेल्या गाड्यांच्या ठिकाणी पाहिली. विकणारा तिचे गुण सांगत होता. तुम्ही त्याला गप्प राहायला सांगितलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि बॉनेटवर हाताचा तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिलात, मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा. मला लाज वाटली होती, खरं सांगतो. येताना मी चालवत होतो. देवळीला तुम्ही म्हणालात, त्या बापानं पोराले मागाच्या पैशातून गाडी देल्ली, म्या बी तेच केलं. आणि हसलात. तुम्ही क्वचित हसायचे. खिशातली पत्ती काढून तुम्ही किल्लीच्या कडीत घातली.

पहिल्याच वर्षी गिरडच्या फेरीत तुम्ही मला रागावला. आठ माणसं नवस फेडायला टेकडीवरच्या दर्ग्याला निघाली होती, तुम्ही माझ्या शेजारी. अर्ध्या वाटेत मागच्या चाकातून घरघर येऊ लागली. मी तशीच नेली आणि तशीच आणली. बेअरिंग जळालं. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही एक शब्द काढला नाहीत. घरी आल्यावर अंगणात खाटेवर बसून विचारलंत.

"चाक बोलून राह्यलं होतं. तुले ऐकू आलं का नाई?"

"आलं."

"मंग काऊन नाई थांबवली?"

मी म्हटलं, लोक होते, उशीर झाला असता. तुम्ही बराच वेळ किल्लीतली पत्ती बोटांत फिरवत राहिलात. "ज्यानं माग थांबवला त्याले म्या कधी बोललो नाई. पत्ती पडली तरी ज्यानं चालू ठेवला, त्यालेच बोललो. आज तुले बोलून राह्यलो."

एवढंच. पण मला ते पुरलं. त्यानंतर मी साध्या आवाजालाही गाडी कडेला घेऊ लागलो.

आता नात त्याच गाड्यांच्या कंपनीच्या कारखान्यात लागली आहे. तुम्ही तिला पाहिलं तेव्हा ती रांगत होती. डिप्लोमा केला तिने. मागच्या आठवड्यात फोनवर सांगत होती की गाड्या जोडायची जी रांग असते, तिच्यावर एक दोरी टांगलेली असते. कुणालाही, अगदी काल लागलेल्या मुलीलाही, काही चुकलंय असं वाटलं तर ती दोरी ओढायची. वरचा माणूस येतो, ओरडत नाही, आधी धन्यवाद म्हणतो. तिथेच नीट झालं नाही तर सगळी रांग थांबते. तिने त्याच दिवशी पहिल्यांदा ओढली होती. मी तिला तुमच्या पत्तीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, मागापासूनच आलंय ते. तुम्हाला किती आनंद झाला असता. फोन ठेवल्यावर मी घरात इकडून तिकडे फिरलो. सांगायला कुणी नव्हतं. जाऊन जुन्या गाडीत बसलो थोडा वेळ.

तिथेच तो दिवस पुन्हा सुरू झाला. तो मी कुणाला पूर्ण सांगितलेला नाही.

सकाळचे दहा वाजले असतील. तुम्ही अंगणात घामाने भिजून बसलेले. छातीत दाबल्यासारखं वाटतं म्हणालात. मी तुम्हाला पुढच्या सीटवर बसवून सीट मागे कलवली, आई मागे पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन. वर्ध्याचा दवाखाना गाठायचा होता. गाडी अशी पळत होती की काही विचारू नका. देवळी मागे पडली. पुढे एक कडुनिंब होता रस्त्याला लागून, तो दिसायला लागला तेव्हा तुम्ही डोळे उघडले आणि म्हणालात, "थांबव." मोठ्याने नाही. मग समोरच्या डॅशबोर्डवर तळव्याने दोनदा थाप मारली, मागाच्या चौकटीवर मारायचे तशी.

आई मागून म्हणाली, "काय म्हणतेत रे?"

"काही नाई," मी म्हटलं. "पाणी नको म्हणतेत."

आणि मी थांबलो नाही. निंब मागे गेला. तुम्ही पुन्हा काही बोलला नाहीत, आणि दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा बोलणारं कुणी नव्हतं. पाच मिनिटं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना त्याने धीर आला, आईलाही. मला आला नाही. पाच मिनिटांनी फरक पडणार नव्हता, तर मग ती पाच मिनिटं तुमची होती. निंबाखाली उतरायचं होतं, आईला काही सांगायचं होतं, की नुसता इंजिनाचा आवाज बंद करून हवा होता, मला माहीत नाही.

आई दर तिथीला एकदा विचारते. स्वयंपाक करता करता, माझ्याकडे न बघता. शेवटी काही बोलले होते का रे, तू जवळ होता. मी दर वर्षी नाही म्हणतो. आधी तिला त्रास होईल म्हणून म्हणायचो. पुढे इतक्यांदा नाही म्हणून झालं होतं म्हणून म्हणायला लागलो.

आज तिला घेऊन त्याच रस्त्याने आलो. निंब आता नाही, रस्ता रुंद करताना गेला. तिथे पत्र्याची एक प्रवासी शेड आहे. नातीची दोरी डोक्यात होती. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदा थांबलो.

"काऊन थांबला रे?"

"गरम झाली गाडी."

आईने बॉनेटकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे गाडी गरम नाई होत. तुह्या बापानं हात लावून घेतली हाये." आणि दार उघडून, माझा हात धरून हळूहळू उतरली. शेडमधल्या बाकावर बसून पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. मी ठरवलं होतं की ती विचारेल आणि मी सांगेन. दरवर्षीचा प्रश्न तिने या वर्षी विचारला नाही. बी थुंकायला लागलं तर रस्त्यावर थुंकू नको म्हणाली, मी पन्नाशीला आलो तरी. ट्रक जात होते. सालं तिने पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाली, "चाल आता. झाली असन थंडी."

येताना ती खिडकीबाहेर पाहत होती आणि मी रस्त्याकडे.

आता ती उठेल, चहा ठेवावा लागेल. हा कागद मी गाडीच्या कप्प्यात ठेवीन, तिथे जुने विम्याचे कागद आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. तिला सांगेन की नाही, ते मला माहीत नाही. तुम्हाला एकच गोष्ट सांगायची राहिली आहे. दवाखाना लवकर गाठायचा होता म्हणून थांबलो नाही, असं मी स्वतःलाही सांगत आलो. तसं नव्हतं, बाबा. मला ऐकू आलं होतं. पण थांबलो असतो तर तुम्ही काहीतरी बोलला असता आणि ते शेवटचं असतं, हे मला त्या क्षणी कळलं होतं. गाडी चालू आहे तोवर तुम्हीही आहात असं वाटलं. म्हणून मी एक्सिलेटरवरचा पाय काढला नाही.