फाटकावर उभं राहायचं कोणी

१४ नोव्हेंबर

आलो एकदाचा! लोअर टिसबर्न. चाळीस-पन्नास घरं, एक चर्च, एक पब, एक दुकान, आणि मंगळवार-शुक्रवारची बस. विमा कंपनीत तेवीस वर्षं खुर्ची झिजवली, तिच्यातून सुटलो, आणि आता अख्खा हिवाळा माझा आणि माझ्या कॅमेऱ्याचा. घर भाड्याचं आहे पण झकास आहे. जाड दगडी भिंती, खाली शेकोटी, वर रस्त्याकडे बघणारी मोठी खिडकी. न्हाणीघराला खिडकीच नाही, त्यामुळे फोटो धुवायची आयती सोय झाली. मी खूश आहे, आणि हे वाक्य मी गेल्या तेवीस वर्षांत लिहिलेलं नाही.

शेजारच्या मिसेस मेबली केक घेऊन भेटायला आल्या. बाई गोड, केक दगड. अर्धा तास बोलल्या आणि त्यात ऐकण्याजोगं काही नव्हतं. जाता जाता म्हणाल्या की समोरच्या चर्चच्या फाटकावरून जाल तेव्हा एनिडला गुड मॉर्निंग म्हणत जा हं, तिला बरं वाटतं. कोण एनिड, हे विचारायच्या फंदात मी पडलो नाही. असेल गावातली कोणी वेडी म्हातारी.

१९ नोव्हेंबर

विषय सापडला. खिडकीसमोरच चर्चच्या दफनभूमीचं फाटक आहे. दोन लाकडी खांब, वर कौलारू छप्पर, आत एक बाक. पूर्वी शवपेटी आत न्यायच्या आधी त्या छपराखाली टेकवायचे. रोज सकाळी बरोबर अकराला, दारासमोर ट्रायपॉड लावून, त्याच जागेवरून त्या फाटकाचा एकच फोटो काढायचा. हिवाळाभर. क्रॉयडनच्या कॅमेरा क्लबातल्या परीक्षकांनी सहा वर्षं मला दुसरा नंबर दिला, आणि पहिला दिला एका दंतवैद्याच्या मांजराला. आता बघा म्हणावं डोळे फाडून.

एनिड कोण ते आज कळलं. हसून हसून पोट दुखलं. एनिड टकेट ही बाई गेल्या मार्चमध्ये वारली आहे! मिसेस मेबलींनी चहा ओतता ओतता सांगितलं, जणू बसच्या वेळा सांगताहेत. या गावात जो शेवटी पुरला जातो त्याने दफनभूमीची राखण करायची. पुढचं माणूस येईपर्यंत फाटकावर उभं राहायचं, ते आलं की आत जाऊन निजायचं. मार्चनंतर गावात कोणी मेलं नाही, म्हणून एनिड आठ महिने उभी आहे. मी विचारलं, बाक आहे ना तिथे, मग बसत का नाही? तर म्हणाल्या, अहो मिस्टर पास्क, पहाऱ्यावर कोणी बसतं का? चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. आणि या माणसांना मतदानाचा हक्क आहे.

३ डिसेंबर

रोज तोच तमाशा. पोस्टमन सायकलवरून उतरून रिकाम्या फाटकापुढे टोपी काढतो. दुकानदारीण कोणाच्या गायीला काय झालं ते फाटकाला सांगून मगच दुकान उघडते. एनिडचा नवरा विल्फ, वय एक्याऐंशी, रोज सकाळी थर्मासमधून चहा आणतो, बाकावर ठेवतो आणि दुपारी तसाच परत नेतो. आज माझ्या ट्रायपॉडपाशी थांबला. म्हणाला, तिचे गुडघे आधीच कामातून गेलेले, त्यात ही थंडी. जिवंतपणी दहा मिनिटं भांडी घासायला उभी राहिली तरी कण्हायची हो. मी म्हटलं, मग एखादी आरामखुर्ची नेऊन द्या की. रागावला नाही. टोपी सारखी केली आणि गेला. मला त्याची कीव आली नाही. असल्या अडाणीपणाची कीव करत बसलो तर इथे दुसरं काही कामच होणार नाही.

पहिला रोल धुतला. काम उत्तम. फक्त प्रत्येक फोटोत छपराखाली, उजव्या खांबाशी, एक करडा डाग आहे. थंडीत लेन्सवर वाफ धरत असणार.

११ डिसेंबर

लेन्स बदलला, डाग तोच. फिल्म बदलली, तरी तोच. चिडून एक प्रिंट खूप मोठी केली. डागाला कोट आहे आणि काठी आहे. दोन्ही हात काठीवर टेकलेले.

अर्थात इतकं मोठं केलं की कशातही काहीही दिसतं. क्लबातल्या नवशिक्यांना हे मीच शिकवायचो. रोज त्या गावठी गप्पा कानावर पडतात, त्याचा हा परिणाम. उद्यापासून लेन्स शेकोटीजवळ गरम करून नेईन.

१८ डिसेंबर, रविवार

दुपारी पबमध्ये जेवलो. बीफ चामड्यासारखं होतं, बटाटे बरे होते. सगळं गाव जमलं होतं आणि विषय एकच, एनिड. नऊ महिने झाले, इतकं कोणालाच उभं राहावं लागलं नव्हतं म्हणे. विल्फ कोपऱ्यात बसून ताटातले बटाटे नुसते चिवडत होता. कोणीतरी हळूच म्हणालं की आता कोणी तरी जायला हवं, तशी सगळ्यांनी आपापल्या ग्लासात माना घातल्या. गिरणीवाल्या मिस लव्हडे चौऱ्याण्णव वर्षांच्या आहेत. त्या खेकसल्या, माझ्याकडे काय बघता मेल्यांनो, मला अजून एक उन्हाळा बघायचाय!

मला राहवेना. तिसरा ग्लास पोटात होता. उठलो, ग्लास उंच धरला आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्या फाटकाकडे बघत मोठ्याने म्हणालो, एनिडबाई, फार झालं, जा आत आणि पाय पसरून निजा, तुमच्या जागी मी उभा राहतो, मी, रोलंड पास्क!

हशा पिकेल असं वाटलं होतं. पण विल्फ उठून आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखा रडला. पबवाल्याने न मागता माझ्यापुढे पुडिंग ठेवलं. मिसेस मेबलींनी दोनदा विचारलं, नाव घेऊन म्हणालात ना? पूर्ण नाव? मी म्हटलं, हो, हवं तर सही करून देतो. म्हणाल्या, नको, तोंडचा शब्द पुरतो.

घरी येईपर्यंत हसत होतो. असं गाव शोधून सापडायचं नाही.

१९ डिसेंबर

आजच्या फोटोत डाग नाही. स्वच्छ, रिकामं फाटक. लेन्स गरम करायची युक्ती लागू पडली. वाफच होती.

२३ डिसेंबर

विल्फ थर्मास आणेनासा झाला. गाल लाल, चालताना शीळ. दहा वर्षांनी लहान दिसतो.

सकाळी मी खिडकीत होतो. मिसेस मेबली फाटकाशी थांबल्या आणि फाटकाला म्हणाल्या, गुड मॉर्निंग मिस्टर पास्क, आज गारठा जरा कमी आहे नाही? मी वरून ओ दिली. त्यांनी मान वर केली नाही. मागून पोस्टमन आला, टोपी काढून माझंच नाव घेतलं. मग दुकानदारीण. म्हणजे सगळ्यांनी मिळून माझी फिरकी घेतली आहे. एवढी विनोदबुद्धी या लोकांत असेल असं वाटलं नव्हतं. घ्या बापडे, मीही हसेन.

पाय मात्र दिवसभर गार आहेत. शेकोटीपुढे बसलो तरी.

२५ डिसेंबर

नाताळच्या जेवणाला कोणीही बोलावलं नाही. साडेदहाला मिसेस मेबली झाकलेलं ताट घेऊन आल्या. माझ्या दाराशी नाही, फाटकाशी. बाकावर ठेवून गेल्या. मी दार उघडून हाक मारली, पाच पावलांवर होत्या, त्यांनी ऐकलं नाही.

लिहायला लाज वाटते, पण मी तिथे गेलो आणि ताट उभ्याउभ्या संपवलं. टर्की गरम होती. तिथे उभं राहिलं की पाय गार पडत नाहीत.

अकराला फोटो काढला. आत्ता धुतला. डाग परत आलाय. पहिल्यापेक्षा उंच. काठी नाही. छातीवरून आडवा एक पट्टा गेलाय, माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेचा. पण अकरा वाजता मी कॅमेऱ्यामागे होतो. बटण मी दाबलं. मीच दाबलं.

३० डिसेंबर, शुक्रवार

पुरे झालं हे गाव. बॅग भरली, दहाच्या बसने निघालो. चर्चचा मनोरा टेकडीमागे गेला तेव्हा किती हायसं वाटलं! डोळा लागला नव्हता. शपथेवर लिहितो, डोळा लागला नव्हता. चर्चच्या घड्याळाचे ठोके ऐकू आले. इतक्या लांब कसे ऐकू येतील? मोजले, अकरा. आणि मी उभा होतो. छपराखाली, उजव्या खांबाशी, हातात बॅग. समोरून विल्फ गेला. टोपी काढली.

३ जानेवारी

पुन्हा बस. पुन्हा फाटक. बॅग बसमध्येच राहिली.

९ जानेवारी

दुकानात गेलो. काउंटरवर हात आपटला, कोणी वर बघितलं नाही. घरात हाक मारा, रस्त्यात आडवे पडा — कोणी बघत नाही. फाटकावर उभा असलो की सगळे थांबतात. हसतात. हवापाणी सांगतात. कधी नव्हे इतक्या आपुलकीने बोलतात.

मला भीती वाटते. लिहून टाकतो एकदाचं. फार भीती वाटते.

पोस्टमनने बातमी दिली. मिस लव्हडेंना न्यूमोनिया झालाय, डॉक्टरने आशा सोडली. ऐकून मला आनंद झाला. हो, झाला! त्या आल्या की मी सुटलो. चौऱ्याण्णव वर्षं काय थोडी झाली? मर की म्हातारे.

१४ जानेवारी

अजून नाही. काल वाटीभर सूप प्यायली म्हणे. सूप!

१७ जानेवारी

गेली. गेली! चर्चची घंटा झाली. दोन दिवस, फार तर तीन — तिला आणतील, मी बाजूला होईन, मग पहिल्या बसने —

अजून कोणी खणायला कसं आलं नाही?

१९ जानेवारी

वही कोटाच्या खिशात असते म्हणून लिहितोय. आता घरी जाववत नाही. चार पावलं गेलं की पाय बर्फ होतात.

व्हिकर, म्हणजे चर्चचा पाद्री, आला होता. पाच गावांचा एक व्हिकर, सदा घाईत. इथेच उभा राहून विल्फशी बोलला. मिस लव्हडेला शहराच्या दफनभूमीत नेलं. ही भरली. एक जानेवारीपासून इथे पुरायला सरकारी बंदी, हुकूम सप्टेंबरमध्येच आला होता. एनिडशेजारी विल्फने राखून ठेवलेली एक जागा तेवढी उरली, बाकी वीतभरही नाही.

सप्टेंबरमध्ये. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ग्लासात बघत होते. शेवटी जो उभा राहील त्याला सोडवायला कोणी येणारच नाही. आणि मी, क्रॉयडनचा शहाणा, या अडाण्यांपुढे ग्लास उंच करून —

पण विल्फ आहे. एक जागा आहे. एक्याऐंशी वर्षांचा आहे. थांबेन. मी थांबेन.

२३ जानेवारी

विल्फने थर्मास आणला. माझ्यासाठी. म्हणाला, देवमाणूस आहात हो मिस्टर पास्क, माझी एनिड निजली बघा शांत. मग म्हणाला, ती जागा सोडून दिली, आता तिथेही बंदी. मुलीकडे चाललोय, समुद्रकिनारी. मेल्यावर तिथेच जाळा, राख तिथेच टाका, कागदावर लिहून दिलंय. एनिडचे हाल डोळ्यांनी बघितलेत, माझ्याने नाही व्हायचं ते.

मी ओरडलो. शिव्या दिल्या. मग विनवलं. विल्फ, तुझी जागा आहे रे ती, तुझ्या बायकोशेजारची —

म्हणाला, थंडी आहे, चहा घ्या. टोपी सारखी केली. गेला.

२७ जानेवारी

पाऊस. अकरा. गुड मॉर्निंग मिस्टर पास्क.

गुड मॉर्निंग मिस्टर पास्क.

बसता येत नाही. बाक आहे. बसता येत नाही —

२ फेब्रुवारी

माझ्या खिडकीला नवे पडदे. घर दुसऱ्या कोणाला भाड्याने दिलं. एक तरुण बाई आली आहे, लंडनची असावी, बूट नवे कोरे —

मिसेस मेबली तिला फाटकाची गोष्ट सांगताहेत. ती हसली. मोठ्याने हसली! देवा. असंच माणूस हवंय. माझ्याएवढंच मूर्ख, माझ्याएवढंच शिष्ट —

इकडेच येतेय. मेबलीबाईंनी तिचं कोपर धरलं. कानात सांगताहेत. चेष्टा करायची नाही हं पोरी, इथे तोंडाने काही कबूल करायचं नाही, नुसतं गुड मॉर्निंग म्हण आणि चालू लाग —

थांबली. चेहरा गंभीर केला. नको, नको, गंभीर नको. अगं हस. मघाशी हसलीस तशी हस ना. माझी खिल्ली उडव, मला वेडा म्हण, काय हवं ते म्हण, पण बोल, फक्त एकदा तुझं नाव घेऊन —