बाहेरगावचं शून्य

४ डिसेंबर

लागला! रुखमीच्या घरी घंटी वाजली, तिनं उचलला, आणि पहिलंच वाक्य — "दादा, विहिरीतून बोलून राहिला का रे?"

धाकटी बहीण माझी. धरणात गाव गेलं तेव्हा तिची आळी तिकडं वसवली, माझी इकडं. मोबाइलच्या काचेवर तिचं बोट चालत नाही. म्हणून हा इंटरनेटचा फोन, मोठ्या बटणांचा. एक सेट तिच्याकडं, एक माझ्याकडं, आणि मधला डब्बा माझ्या फळीवर. कोणता आकडा दाबला की कुठं वाजायचं, ते नियम डब्ब्याला मीच शिकवले — व्हिडिओ पाहून, चष्मा पुसत पुसत. मी अकरा, ती बारा. जुन्या गावात आळ्या वेगळ्या, पण परसात आमची भिंतीला भिंत होती, म्हणून नंबरही लागून.

"उद्यापासून तू लाव," म्हटलं. "माझा अकरा."

५ डिसेंबर

फोन नाही.

७ डिसेंबर

आजही नाही. धानाचं चुरणं, मळणी सुरू आहे, दिवसा वस्तीत चिटपाखरू नसतं. रिसीव्हर उचलून पाहिला — टोन आहे. मी लावला तर ती उचलेल, ठाऊक आहे. पण नाही लावणार! आठवण काय एकट्या मलेच येते?

भात एकट्यापुरता टाकला, तरी उरला. बायको, कौशल्या, आज असती तर म्हणाली असती, "बेडकावानी फुगून काय बसले!"

९ डिसेंबर

हरलो. लावला.

"जिता आहेस का रे दादा! रोज लावून राहिली, तं ते बाई इंग्रजीत काहीबाही बोलते अन् ठेवून देते! माहा तं जीव उडाला."

"काय दाबतेस?"

"शून्य. मंग अकरा."

"शून्य कायले?"

"बाहेरगावले आधी शून्य लागते ना! तूच तं शिकवलं!"

खरंच की. जुन्या गावात एसटीडीचं दुकान माझंच. येईल त्याला दारातच सांगायचो — बाहेरगाव असेल तर आधी शून्य! गाव बुडालं, दुकान बुडालं, धडा तेवढा तरंगत राहिला.

डब्ब्याला मात्र शून्याचा नियम दिलाच नव्हता. माझ्या मनात बाहेरगाव होतंच कुठं?

"शून्य नको लावू, रुखमे."

"काहून? तू बाहेरगावी नाहीस का आता?"

फोन ठेवला. जेवण गेलं नाही.

१० डिसेंबर

नियम बदलला. पुढं शून्य आलं तर डब्ब्यानं ते गिळायचं, उरलेला नंबर लावायचा. म्हातारपणी माणसाची सवय कशाला मोडा? मशीनची मोडली.

१२ डिसेंबर

चूल पेटवत होतो, तेवढ्यात वाजला.

"दादा, शून्य नाही लावलं आज. चटणीले मीठ सरलं रे. वाटीभर दे ना भिंतीवरून."

रिसीव्हर कानाला, आणि मी वाटी शोधायला उठलोच!