सातव्या नमुन्याचा रस्सा

देवपूर, धुळे

ती. नाना यांस रत्नाचा नमस्कार.

तुम्ही चार दिवस फोन उचलत नाही, म्हणून लिहिणे भाग पडले. ओठांची चुणचुण थांबली का? वहिनी म्हणाल्या, केळीच्या बागेत हिंडता आहात. म्हणजे श्वास चालू आहे.

तुमच्या मोनालीने जळगावच्या प्रयोगशाळेसाठी कोकणातून मागवलेले शिंपले माझ्या फ्रीजरमध्ये होते (गाडी धुळ्यापर्यंतच येते). समुद्रात काही शेवाळे विषारी असते. शिंपले ते खातात, त्यांना काही होत नाही; शिंपले खाणाऱ्याला होते. ते विष मोजायचे होते. तुम्ही माझ्याकडे उतरला होतात; मी तासभर बँकेत गेले, तेवढ्यात तुम्ही शिंपले सोलून रस्सा केलात. (भावाने स्वयंपाक करू नये असे नाही. विचारून करावा.) मी ओरडले, तर म्हणालात, "आपला काया मसाला बठ्ठं इख मारी टाकस!" नाना, काळा मसाला सोडाच, हे विष उकळूनही जात नाही. बी.एस्सी.ला चाळीस वर्षे झाली, तरी एवढे मला कळते. विषाने ओठ चुणचुणतात आणि तुमच्या तिखटानेही, त्यामुळे डॉक्टरही नुसते बघत बसले.

वर शेजारच्या कुंदाबाईंना डबाभर दिलात. मी अनवाणी धावले. त्यांनी एकच तुकडा तोंडात घालून काढला होता. "अक्का, हाई मटन रबरनं शे का?" डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यांनी उरलेल्या रश्शातच कळण्याची भाकरी घालून तो परत केला.

रविवारी मोनाली आली. रडली नाही. म्हणाली, "आत्या, हा सातवा नमुना. शेवाळ्यानं समुद्राचं पाणी लाल झालं होतं त्या आठवड्यातला हा एकच होता." मसाल्याच्या तेलाचा रस्सा मोजायच्या यंत्रात घालता येत नाही. आता सरांना दाखवायला खाणाऱ्यांचे जबाब तेवढे उरले.

आपली,
रत्ना

ता. क. : गावात तुम्ही 'चमचाभर चाखला' असे सांगता. केराच्या बादलीत बासष्ट शिंपले निघाले. किती खाल्ले, किती वाजता, काय झाले, ते पंधरा तारखेच्या आत खरे लिहून पाठवा. मुलगी तुमची आहे.

दुसरा ता. क. : रिकामी पिशवी मला नंतर दिसली. ओरडण्याआधी मी मटण समजून दोन वाट्या संपवल्या होत्या. वहिनींना सांगू नका.

मोनालीच्या हाती दिले : रस्सा अर्धी वाटी, भाकरीसकट. रिकामे शिंपले बासष्ट. माझा जबाब एक, सहीनिशी.