सिरोसला दोन रात्री

मुरबाड,
रविवार, ११ फेब्रुवारी २००७

श्री. ज्ञानेश्वर यांस देवकीचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. थंडी यंदा लांबली. किन्हवलीला भात बरं झालं, मागून पेरलेला वाल आता शेंगांवर आला आहे. तुमची तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे, म्हणून विचारते. गुडघे दुखतात हे तुम्ही देवरामभाऊजींना दिवाळीत लिहिलंत ते मला समजलं आहे. तुमचा पत्ताही त्याच पत्रावरून मिळाला. प्रियांकाने उतरवून आणला.

प्रियांका म्हणजे भाऊजींची थोरली. तुम्ही परदेशी कामाला गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता कल्याणला सहली काढणाऱ्या एका कंपनीत आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे आणि बापाला उलट बोलते, म्हणून माझी लाडकी आहे.

आता माझी बातमी. मे महिन्यात मी ग्रीसला येते आहे. प्रियांकाच्या कंपनीची सहल आहे, अथेन्स आणि ते सगळे फोटोत बघतात ते निळ्या घुमटांचं बेट. त्यातून आम्ही तिघी दोन रात्री वेगळ्या होऊन बोटीने सिरोसला येणार. तिघी म्हणजे मी, प्रियांका आणि गिरजाताई. गिरजाताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, माझ्या शेजारी राहतात. त्यांना परदेश कुठलाही चालतो, फक्त जेवण वेळेवर हवं.

घाबरू नका. तुम्हाला आणायला येत नाही, तुम्हाला पाहायलाही येत नाही. सिरोस पाहायला येते आहे.

प्रियांकाने तिच्या कॉम्प्युटरवर तुमचं गाव मला दाखवलं. दोन टेकड्या, दोन्हींवर एकेक देऊळ, खाली बंदर, आणि मधे घरं अशी की एकाच्या अंगणात दुसऱ्याचं छप्पर. संगमरवरी फरशीचा मोठा चौक आहे म्हणतात, तिथे संध्याकाळी सगळं गाव नुसतं फिरायला येतं. मी तिला म्हटलं, आपण पण नुसतं फिरायचं. पहिल्या दिवशी चौक आणि बंदर, दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढून वरचं जुनं गाव. गुलाबाच्या वासाची, पिठीसाखरेत घोळलेली वडी तिथे मिळते, ती घ्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने परत.

पायऱ्यांसाठी मी बूट घेतले आहेत. रोज सकाळी भाकऱ्यांचं पीठ मळायच्या आधी पाठीमागच्या टेकडीवर जाऊन येते. पहिल्या आठवड्यात कारखान्याच्या वसाहतीतली माणसं विचारायची, मावशी, नवस आहे का? आता विचारत नाहीत. गिरजाताईंनी म्हसा गावच्या जत्रेतून काळा चष्मा आणला, तो घालून त्या कोंबड्यांना दाणे टाकतात. सवय व्हावी म्हणून. सुकट बरोबर नेण्यावरून आमचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

पासपोर्टचा फोटो काढताना मी टिकली लावली. भाऊजींनी तो पाहिला आणि म्हणाले, "वैनी, ही टिकली कोणाच्या नावाची?" मी म्हटलं, माझ्या.

आता माझ्या खानावळीत जेवणाची पाळी आली, थांबते.

मंगळवार

परवा लिहायचं थांबलं ते बरंच झालं, कारण काल भाऊजी भटजींना घेऊन आले होते. त्यांनी तुम्हाला काय कळवलं आहे मला ठाऊक नाही. तुमच्याबद्दलचं आहे, तेव्हा तुम्हाला सगळं माहीत असावं.

तुमचं पत्र यायचं बंद झालं त्याला बारा वर्षं झाली, तेव्हा पंचाण्णव साली घरात ठरलं की तुमचे विधी करायचे. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचे करतात तसे. भाऊजींना मुलगा होत नव्हता. भटजी म्हणाले, घरातल्या माणसाला गती मिळाली नाही म्हणून वंश अडला आहे. मग पळसाच्या देठांचं शरीर केलं, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, तुमचं जुनं धोतर वर घातलं आणि अग्नी दिला. पळस वाडीवरच्या जनीने आणला. ती पत्रावळी लावते ना, तिला कुठला पळस चांगला ते कळतं. तुमच्या हातापायांचे देठ आणि तेराव्याच्या जेवणाच्या पत्रावळी एकाच झाडाच्या होत्या. जनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, मना पाप तं नाय ना लागायचं?" मी म्हटलं, तुला नाही.

नदीवर माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी छत्तीस वर्षांची होते. तुमच्या आईने त्या दिवशी अंगणात पाऊल टाकलं नाही. "माझा पोर जित्ता हाय. झाडपाल्यासाटी मी रडायची नाय," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी दीपेश झाला. तुमच्या मरणाचा कोणाला तरी उपयोग झाला.

आता तुम्ही भाऊजींना लिहिलं आहे की जिच्याबरोबर राहत होता ती तिथली बाई दोन वर्षांपूर्वी वारली, हातून काम होत नाही, घरी यावंसं वाटतं. बरं. पण जाळलेला माणूस तसाच उंबरठ्याच्या आत घेता येत नाही. काल भटजींनी पोथी उघडून सगळं सांगितलं. तुम्ही आलात की आधी गावाबाहेर राहायचं. मग तुम्हाला अंगभर तूप लावून आंघोळ घालणार, म्हणजे तुमचा नवा जन्म. मग जातकर्म, मग बारसं. पंचावन्न वर्षांच्या माणसाचं बारसं. पाळण्याचं काय करायचं ते भटजींनी सांगितलं नाही, मी विचारलं तर भाऊजी चिडले. नाव तेच ठेवायचं की दुसरं, हेही ठरायचं आहे.

आणि बारशानंतर लग्न. नव्याने जन्मलेल्या माणसाची जुनी बायको नसते, म्हणून माझ्याशी परत लग्न लावायचं. देवळात, चार माणसांत, अक्षता टाकून. भाऊजी म्हणाले, "वैनी, तुमी नशीबवान. गेलेलं सौभाग्य कोणाला परत भेटतं का? हिरवा चुडा मी आणतो. नाय म्हणू नका, गावात तोंड दाखवायचं हाय आमाला."

खानावळीत तेव्हा दुसऱ्या पाळीची माणसं जेवत होती. सगळी ऐकत होती. मी भाऊजींना आणि भटजींना ताटं वाढली, कारण जेवायच्या वेळेला आलेल्या माणसाला मी उपाशी पाठवत नाही. उत्तर दिलं नाही. ते मला तुम्हालाच द्यायचं आहे.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. रविवारी तीच लिहायला बसले होते आणि बूट, चष्मा, सुकट असलं लिहीत राहिले.

तुम्ही शहाण्णव साली किन्हवली नाक्यावरच्या महादूच्या बूथवर फोन केला होता. भाऊजींना बोलावून घेतलंत आणि सांगितलंत की मी जिवंत आहे, सिरोस नावाच्या बेटावर बोटी दुरुस्त करण्याच्या कामावर आहे, सगळं ठीक आहे. भाऊजींनी ते आजपर्यंत मला सांगितलेलं नाही. कसं सांगणार? त्यांनी तुम्हाला स्वतःच्या हाताने अग्नी दिला होता, आणि दीपेश पाळण्यात होता.

मला महादूने सांगितलं. त्याला वाटलं, भाऊजींनी घरी सांगितलंच असेल, म्हणून मुरबाडला माल घ्यायला आला तेव्हा पेढे घेऊन माझ्याकडे आला. "वैनी, दादाचा फोन आला व्हता, तोंड गोड करा." मला खानावळ सुरू करून पाच महिने झाले होते. विधवा बाई, पदरी मूल नाही, सासरची माणसं म्हणाली, जा, खा तुझं तू कमावून. माझ्या नावाचा गॅस होता, माझ्या नावाची पाटी होती. सकाळी किती वाजता उठायचं ते मी ठरवत होते. कारखान्यातली पोरं मावशी म्हणायची, कोणीही अमक्याची बायको म्हणत नव्हतं.

मी पेढा घेतला. महादूला म्हटलं, हे कोणाला सांगू नकोस. मग पेढा खाल्ला, हात धुतला आणि भाकऱ्या थापायला बसले, माणसं यायची वेळ झाली होती.

म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे आणि अकरा वर्षं मी विधवा म्हणून राहिले आहे. चूक म्हणून सांगत नाही, माफीही मागत नाही. तुम्हाला मारायचं भाऊजींनी ठरवलं होतं, पण मेलेले राहू द्यायचं मी ठरवलं. त्यात मला चैन पडलं. रात्री झोप लागायची. तुमच्या पत्राची वाट बघत होते ती बारा वर्षं लागत नव्हती.

फक्त तुमच्या आईला सांगितलं. त्यांचा तो हक्क होता. हौसाबाई म्हणाल्या, "मी सांगत नव्हते? मग तू आता काय करनार गो?" मी म्हटलं, काय करणार, भाकऱ्या. त्या हसल्या. "तं मी पन येते भाकऱ्या करायला," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन खरंच आल्या.

शेवटपर्यंत माझ्याजवळ होत्या. इथे फोन घेतल्यावर मी महादूला नंबर देऊन ठेवला होता, परत फोन आला तर आईंसाठी द्यायला. तुम्ही परत केला नाहीत. इथला फोन वाजला की त्या हातातलं पीठ तसंच ठेवून बघायच्या. कोणी डबा सांगायला फोन केलेला असायचा. त्या म्हणायच्या, "डबाच हाय ना? मना वाटलंच." नव्व्याण्णवच्या श्रावणात गेल्या. माझा राग या एका गोष्टीचा आहे. माझ्यापुरता हिशेब मी कधीच मिटवला, आईंचा मला मिटवता येत नाही, आणि कोणी तुपाने आंघोळ घातली म्हणून तोही मिटणार नाही.

त्या बाईंबद्दल मला राग नाही. त्यांनी तुम्हाला सांभाळलं, मी तुमच्या आईला सांभाळलं. त्यांचं थडगं तिथे असेल तर फूल ठेवून येईन. तेवढं मला दाखवा.

बाकी तुम्ही बंदरावर यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आलात तर गावातला कोणी माणूस पाहुण्यांना वाट दाखवतो तशी दाखवा. चौकात बसून चहा घेऊ, गिरजाताई तुमचे गुडघे बघतील. प्रियांकाला काका कसा दिसतो ते बघायचं आहे. मला तुम्ही कसे दिसता यापेक्षा ते गाव कसं दिसतं ते बघायचं आहे. एवढं काय आहे तिथे, की माणूस आईला दुसरा फोन करायला विसरतो? बघितलं की माझं समाधान होईल. कदाचित खरंच सुंदर असेल. तसं असलं तर मी तसं म्हणेन, मी खोटं बोलणार नाही.

आता उत्तर. तुम्हाला किन्हवलीला यायचं असेल तर जरूर या. घर तुमच्या भावाचं आहे, जमीन तुमच्या बापाची आहे, आणि जन्म तुमचा आहे, तो पुन्हा घ्यायचा असेल तर घ्या. बारशाला बोलावलंत तर घुगऱ्या माझ्याकडून. पण पुढच्या कार्यासाठी मुलगी दुसरी शोधा. पहिल्या वेळेला मी एकोणीस वर्षांची होते, मला कोणी विचारलं नव्हतं. मांडवात उभं केलं आणि अक्षता पडल्या. या वेळीही कोणी विचारलेलं नाही, पण पोथीला नवरी लागतेच, म्हणून मी आपण होऊन सांगते. नाही.

भाऊजींना हे मी उद्या किन्हवलीला जाऊन तोंडावर सांगणार आहे. ते म्हणतील, मग या घराची पायरी चढू नका. नाही चढणार. मी दुसरीकडच्या पायऱ्या चढायची सवय करते आहे.

मे महिन्यात आमची बोट संध्याकाळी लागेल. तिघींपैकी टिकली लावलेली, बूट घातलेली आणि पुढे चालणारी बाई मी. तुम्ही ओळखलं नाहीत तरी चालेल.

तुमच्या पश्चात सुखात असलेली,
देवकी